खालचा सडा, वरचा सडा : प्रकल्प नोंदी, २०२३–२४

२८ मे २०२३, सातारा

उंचीप्रमाणे फुलं आणि त्यांच्याकडे येणारे कीटक कसे बदलतात हे बघायला जागा पक्क्या झाल्या. सडा म्हणजे जांभ्याच्या कातळाचं उघडं पठार. खालचा सडा गुहागर–हेदवी बाजूचा, समुद्रसपाटीपासून शंभर-सव्वाशे मीटरवर. मधली जागा कुंभार्ली घाटातलं रान. वरची जागा म्हणजे पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरपासून चाळकेवाडीकडे पसरलेलं पठार, हजार मीटरच्या वरचं. कास मुद्दाम सोडलं. २०१२ मध्ये जागतिक वारशाचा शिक्का बसला तेव्हापासून हंगामात तिथे इतकी झुंबड असते, की फुलांवर कोण येतं हे बघायला निवांत बसताच येत नाही.

डोंगराची उंची आणि फुलं हा विषय जुनाच. हुम्बोल्टने १८०२ मध्ये चिंबोराझो चढताना वनस्पतींचे पट्टे टिपले. हर्मान म्युलरने १८८१ मध्ये आल्प्समधली फुलं आणि त्यांच्याकडे येणारे कीटक यांवर आख्खा ग्रंथ लिहिला. तेव्हापासून थंड प्रदेशातल्या डोंगरांवरून साधारण एकच चित्र समोर येतं. खाली मधमाश्यांचं राज्य. वर जावं तशा त्या विरळ होतात आणि त्यांचं काम माश्या उचलतात. केसाळ, जाडजूड बंबलबी या मधमाश्या तेवढ्या वरपर्यंत टिकतात. फुलझाडांच्या जाती मात्र बऱ्याच डोंगरांवर मधल्या उंचीला सर्वांत जास्त, म्हणजे आलेखाला मधोमध कुबड.

आपल्याकडे हे लागू पडतं का, एवढंच बघायचंय. सह्याद्रीत एक सोय अशी, की जांभ्याचा उघडा कातळ समुद्राजवळही आहे आणि घाटमाथ्यावरही. वरखाली दगड तोच, माती तशीच बोटभर, पाऊस त्याच ढगांचा. मग जो फरक दिसेल तो बराचसा उंचीच्या खात्यात टाकता येईल. घाटातल्या रानाची गोष्ट वेगळी. प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमनी आजच बजावून ठेवलंय: मधला आकडा या दोघांच्या पंक्तीत बसवायचा नाही, आणि रानाचा हिशोब पावसाळ्यावर बंद करायचा नाही, मार्चमध्ये पुन्हा जायचंच.

३ जून, सातारा

सामान. एक मीटरच्या पीव्हीसी चौकटी, वाऱ्याचं हातातलं मीटर, तापमान-आर्द्रतेची यंत्रं, भिंगं, दोन मोठ्या छत्र्या. पिवळ्या-पांढऱ्या-निळ्या वाट्यांत साबणाचं पाणी ठेवून किडे गोळा करायची सगळीकडची रीत इथे कामाची नाही. आपल्या पावसात वाटी पाच मिनिटांत भरून वाहते. त्यामुळे चौकटीसमोर पंधरा मिनिटं बसायचं, कोण आलं, कोणत्या फुलावर बसलं, आत शिरलं की नुसतं घिरटी घालून गेलं, हे लिहायचं. तक्त्यात एक रकाना जादा घेतला: त्या पंधरा मिनिटांत पाऊस, धुकं, वारा, ऊन यांतलं काय किती वेळ होतं.

वरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्याचाही विचार करावा लागला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याच भागातलं काम प्रसिद्ध केलं. पवनचक्क्यांच्या टापूत शिकारी पक्षी कमी झाले आणि त्यामुळे जमिनीवरचे सरडे वाढले, असं त्यांना आढळलं. सरडे वाढले तर किड्यांचं काय, हा पुढचा प्रश्न आपसूक येतो. म्हणून निम्म्या चौकटी चक्क्यांखाली, निम्म्या त्यांच्यापासून लांब.

२७ जून, गुहागर

पाऊस यंदा रखडत आला. अकरा जूनच्या सुमारास दक्षिण कोकणात पोचला आणि तिथेच थबकला. जोर धरायला जवळजवळ महिना संपला. तरी सडा जागा झालाय. दीपकाडीचे पांढरे तुरे सगळीकडे. ही कोकणातल्या कातळावरचीच जात. वरच्या पठारावर हिची बहीण भेटते, ही नाही. खाचांत काळ्या मुसळीची पिवळी चांदणी, जमिनीला टेकलेली.

कीटक भरपूर. फुलोरी मधमाशी प्रत्येक चौकटीत, सातेरी मधमाश्या बऱ्याच, बांधावरच्या झुडपांत भुंगे, आणि डंख नसलेली ती इवली काळी मधमाशी, जी नीट पाहिलं नाही तर चिलट वाटते. उकाडा मरणाचा. पाऊस थांबला की दहा मिनिटांत सगळी मंडळी पुन्हा कामावर हजर.

पलीकडच्या सड्यावर चिऱ्याची खाण आहे, अलीकडे सुरुंग लावून, बाहेरून माती आणून कलमांची बाग उभी राहतेय. आमच्या चौकटी या दोहोंच्या मध्ये. ज्या काकूंच्या पडवीत सामान ठेवलं त्यांना कातळावरची फुलं मोजायला कोणी येतं याचं नवल वाटलं. चहा मात्र दोनदा झाला.

८ जुलै, कुंभार्ली घाट

रानात अंधार आणि जळवा. फुलं शोधायला भिंग लागावं अशी स्थिती, सगळं हिरवं. खाली पाचोळ्यातून सापकांदा वर आलाय. नागाच्या पांढऱ्या फण्यासारखं जे दिसतं ते फूल नव्हे, फुलांच्या दांड्याभोवतीचं आवरण. त्याच्या वासाने बुरशीवर जगणारी बारीक चिलटं आत उतरतात. नर झाडावर आवरणाच्या तळाशी फट असते, तिथून चिलट परागकण अंगावर घेऊन सुटतं. मादी झाडावर ती फट नसते. चिलट आत फिरत राहतं, पराग पुसले जातात आणि ते तिथेच मरतं. आज एका मादी झाडाचं आवरण अलगद सैल करून पाहिलं: तळाशी मेलेल्या चिलटांचा थर, काही अजून पाय हलवत होती. मोबदला म्हणून मधाचा थेंबही नाही. या चिलटांना आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता, तो आता पाडला.

बाकी नोंद करण्याजोगं थोडं. घाटाच्या कडेला कंदीलपुष्पाच्या वेलींना कळ्या आहेत.

२३ जुलै

काम बंद. कोकणात नुसता कोसळतोय. इर्शाळवाडीवर दरड कोसळल्याच्या बातमीनंतर घाटात जायचा विषयही कोणी काढला नाही.

१२ ऑगस्ट, सडावाघापूर

पावसाने चक्क दडी मारली. एरवी या दिवसांत इथल्या कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलटं उडतं आणि ते बघायला गाड्यांची रांग लागते. यंदा पाणी बेताचं, गाड्या मात्र तेवढ्याच. आमच्यासाठी ही अनपेक्षित पर्वणी, कारण ऑगस्टमध्ये या उंचीवर सलग सूर्य बघायला मिळत नाही.

चौकटीत गेंद, निसुर्डी, सीतेची आसवं. पाण्याच्या डबक्यांच्या कडेने जांभळी मंजिरी. उतारावर चवरीची पांढरी फुलं. दुपारी तापमान तेवीसच्या आसपास. उंचीचा हिशोबही तेच सांगतो: दमट हवेत हजार मीटरला पाच-सहा अंश उतरतात. पण तेवीस अंश म्हणजे मधमाशीला थंडी नव्हे. सातेरी याहून बऱ्याच गारठ्यात कामावर निघते. आल्प्समध्ये जी थंडी मधमाश्यांना मागे ढकलते ती इथे नाहीच. तरीसुद्धा सकाळी नऊपर्यंत चौकटी रिकाम्या होत्या. सगळं पठार धुक्यात, फुलांवर पाण्याचे थेंब.

साडेदहाला धुकं फाटलं आणि सातेरी आल्या. सीतेच्या आसवांवर त्यांचं काम जवळून पाहिलं. हे फूल ओठ मिटून बसलेलं असतं. सातेरी खालच्या पाकळीवर उतरते, डोकं फटीत घालते आणि रेटते. पाकळी तिच्या वजनाने खाली झुकते, घशाचं दार उघडतं, मागच्या शेपटीसारख्या शुंडिकेतल्या मधापर्यंत जीभ पोचते, आणि तेवढ्यात परागकोश तिच्या डोक्याला पुसून जातात. हे सगळं दोन सेकंदांत, की लगेच शेजारचं फूल. एक लहान माशी त्याच फुलावर बसली, पाकळीवर चालली, पाणी चाटलं, गेली. दार उघडण्याएवढा रेटा तिच्या अंगात नाही. म्हणजे ‘वर मधमाश्या कमी झाल्या तर माश्या भागवतील’ हे सगळ्या फुलांना लागू होत नाही. गेंदाला माशी चालते, सोनकीला चालते. आसवांना चालत नाही.

१३ ऑगस्ट, चाळकेवाडी

आजचा दिवस वाऱ्याचा. पवनचक्क्या इथे उगीच नाही उभारल्या. वाऱ्याने जोर धरला की चौकटी ओस पडतात, ऊन असलं तरी. गुरं घेऊन आलेले एक मामा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “हितं बसून काय गावायचं नाय म्याडम. त्या ताली-आड बसा. वारं पडलं की बघा, माशी उठती.”

तालीच्या आडोशाला चौकट हलवली. उघड्यावरच्या चौकटी जागच्या जागी ठेवून आडोशाच्या वेगळ्या मांडल्या. फरक डोळ्यांना दिसण्याइतका: दगडी बांधाच्या अलीकडे सातेरी, निळ्या पट्ट्यांची मधमाशी, छोटी निळी फुलपाखरं, पाच-सात पावलं पलीकडे उघड्यावर फुलं तीच, पाहुणे तुरळक. जे येतात ते उडत येत नाहीत, जमिनीलगत सरपटल्यासारखे एका फुलावरून दुसऱ्यावर जातात. हवेत एका जागी तरंगणाऱ्या सिरफिड माश्यासुद्धा इथे तरंगत नाहीत, थेट सोनकीवर बसून राहतात.

उंची तीच, फरक फक्त बांधाचा, असं म्हणून ही नोंद बाजूला टाकता येणार नाही. हजार मीटरवर उंचीचा अर्थ वारा असेल तर बांध म्हणजे पाहुण्यांच्या दृष्टीने काहीशे मीटर खाली उतरणंच.

९ सप्टेंबर, चाळकेवाडी

देशभराचा विचार केला तर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला. पठारावर त्याच्या खुणा आहेत. उथळ मातीतले गेंद वेळेआधीच करपले. खोलगट जागी मात्र रंग आहे. सोनकी उतारावर पिवळीधमक, तेरडा, कवला, आभाळी, आणि दुपारच्या सुमारास अबोलिमा. अबोलिमेत मध नसतोच, फक्त पराग. त्यामुळे तिच्याकडे येणारे सगळे परागाच्या शोधातले. डबक्यात वायतुऱ्याचे गुलाबी-जांभळे दुशाखी तुरे. १९८२ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेली ही पाणवनस्पती साताऱ्याच्या परिसरातली. खाली कोकणातल्या डबक्यांत याच कुळातली दुसरी जात असते, ही नसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट होत चाललीय. फुलांच्या जातींची नुसती संख्या धरली तर वरचा आणि खालचा सडा फार लांब नाहीत. नावं वाचली तर लांब आहेत. दीपकाडी दोन्हीकडे, जात वेगळी. वायतुरा दोन्हीकडे, जात वेगळी. वरचे माथे दऱ्यांनी एकमेकांपासून तुटलेले, त्यामुळे इथल्या काही जाती जगात दुसरीकडे नाहीत. कीटकांचं उलट आहे. सातेरी, आग्या, निळ्या पट्ट्यांची मधमाशी दोन्हीकडे त्याच. फुलोरी तेवढी वर दिसेनाशी झाली आणि ती इवली काळी मधमाशीही. फुलं बदलतात, पाहुणे फारसे बदलत नाहीत. फक्त ते किती वेळ येऊ शकतात ते बदलतं.

९ सप्टेंबर, रात्र

धुकं नव्हतं म्हणून टॉर्चला लाल कागद लावून बसलो. तुतारीची पांढरी, लांब नळीची फुलं संध्याकाळनंतर उमलली. उताराच्या गवतात आमरीची पांढरी फुलं, मागे लोंबणारी शुंडिका बोटाहून लांब. दिवसा या फुलांकडे कोणी फिरकलं नव्हतं. तासाभराने एक मोठा पतंग, हॉकमॉथ, हवेत थांबून आमरीत सोंड घालून गेला. एकच. फोटो आला नाही. रात्रीचा हिशोब आमच्या आवाक्याबाहेरचा आहे, पण पांढरी, लांब नळीची फुलं रकान्यात ‘पाहुणे शून्य’ म्हणून लिहिणं चुकीचं ठरलं असतं.

२३ सप्टेंबर, कुंभार्ली घाट

कंदीलपुष्पं फुलली. कंदिलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत घसरते, केस तिला वर येऊ देत नाहीत. पुढे केस कोमेजले की ती सुटते, तोंडाला परागांची पुरचुंडी चिकटवून. सापकांद्यापेक्षा हा सौदा माणुसकीचा.

रानातला एकूण आकडा अजून तिन्ही जागांत सर्वांत कमी. कोणी फक्त पावसाळ्यात येऊन आलेख काढला तर सह्याद्रीच्या कमरेला कुबडाऐवजी खड्डा दिसेल.

१५ ऑक्टोबर, गुहागर

खालचा सडा संपला. कातळ तापलेला, गवत तांबूस, चपलेतून चटके. पाहुणे बागांकडे वळलेत.

१६ ऑक्टोबर, सडावाघापूर

वर अजून सोनकी शिल्लक. सकाळी दव, दिवसभर स्वच्छ ऊन, वारा पडलेला. आज जेवढी वर्दळ पाहिली तेवढी ऑगस्टमध्ये कधीच नव्हती, आणि फुलं मात्र ऑगस्टच्या मानाने थोडकी. सातेरीबरोबर आग्याही उतरल्या. सिरफिड माश्या पुन्हा हवेत तरंगायला लागल्या. गंमत म्हणजे पावसाळ्यातल्यापेक्षा आज तापमान सकाळी कमी होतं.

१० डिसेंबर, सातारा

आकडे भरून झाले. आधी रीतीप्रमाणे ‘दर तासाला किती भेटी’ असा आलेख काढला. खाली जास्त, वर कमी. आल्प्सच्या पुस्तकात शोभावा असा उतार. आमच्यातला फुलपाखरंवाला खूश झाला, लगेच मसुदा लिहायला घेऊ म्हणाला.

मग मॅडमनी तो जादा रकाना पुढे केला. धुकं, पाऊस आणि जोराचा वारा यांची मिनिटं वजा करून, उरलेल्या ‘उडण्याजोग्या’ वेळेतल्या भेटी मोजल्या. उतार बराचसा सपाट झाला. म्हणजे वर मधमाश्या नाहीत असं नाही. त्यांना दिवसातले कामाचे तास कमी मिळतात. माश्यांचा वाटा वर थोडा जास्त निघाला, पण तोही मुख्यतः धुक्याच्या आणि वाऱ्याच्या तासांतला. मधमाशी घरट्यात परतून वाट बघते. माशीला घरटं सांभाळायचं नसतं, ती पानाखाली बसते आणि फट मिळाली की निघते.

बंबलबीचा मुद्दा इथे लिहून ठेवतो, कारण तो प्रत्येक जण विचारतो. भारतातल्या बंबलबीच्या जवळजवळ सगळ्या जाती हिमालयात आहेत. सह्याद्रीत एकही नाही. वरच्या मजल्याचा हा हक्काचा भाडेकरू इथे कधी राहायलाच आला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चीनमधल्या सिच्वान प्रांतातून, सव्वातीन हजार मीटरवरून पकडलेल्या बंबलबी कमी दाबाच्या पेटीत ठेवल्या. एव्हरेस्टहून जास्त उंचीइतकी विरळ हवा केली तरी त्यातल्या काही तरंगू शकल्या. विरळ हवा त्यांची अडचण नव्हे. आपल्या हजार-दीड हजार मीटरवर तर तो प्रश्न कोणालाच नाही. कळसूबाईचं टोक धरलं तरी १६४६ मीटर. सह्याद्रीच्या उंचीला हिमालयाचा नकाशा लावायचा मोह टाळावा, असं माझं मत आता पक्कं झालंय.

पवनचक्कीखालच्या आणि लांबच्या चौकटींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. एका हंगामावरून त्याबद्दल बोलू नये. बांधाचा फरक मात्र निघाला, आणि ठळक.

१० मार्च २०२४, कुंभार्ली घाट

हेच ते रान, ओळखू येऊ नये असं. घाटाच्या वळणांवर एक फायदा असतो: खालच्या झाडांचे शेंडे रस्त्याच्या पातळीला येतात, दुर्बिणीने सरळ समोर बघता येतं. अंजनीच्या फांद्यांना थेट चिकटलेले निळे-जांभळे झुबके, त्यांवर आग्या आणि सातेरी, घूं-घूं रस्त्यापर्यंत ऐकू येणारी. जांभळाला मोहोर सुरू. पांगाऱ्यावर पक्ष्यांची भांडणं. पावसाळ्यात ओस असलेली जागा आज तिन्ही जागांत सर्वांत गजबजलेली.

महाबळेश्वराकडच्या मधपाळांना हे सांगायची गरज नाही. त्यांच्या पेट्यांचं वर्ष जांभूळ, हिरडा, कारवी अशा फुलोऱ्यांवरच चालतं. तिथलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते याच रानाच्या जिवावर. सातेरी पावसाळ्यात पठारावर आणि उन्हाळ्यात रानात जगते. पठारावरच्या सीतेच्या आसवांना जी मधमाशी लागते तिला मार्चमध्ये पोसणारं झाड खाली घाटात आहे. रान आणि सडा वेगवेगळ्या उंचीच्या, वेगवेगळ्या जागा म्हणून आम्ही मोजल्या. माशीच्या लेखी तो एकाच वर्षाचा शिधा. रानाचा आकडा पंक्तीत बसवायचा नाही हे बरोबर, पण अहवालात तो परिशिष्टात ढकलायचा नाही, यावर आज गाडीत एकमत झालं.

११ मार्च, चाळकेवाडी

परतताना वर जाऊन आलो. पठाराचा एक मोठा तुकडा वणव्यात काळा झालाय. आमच्या चार कोपऱ्यांच्या खुणांपैकी लाकडी खुंट्या जळल्या, लोखंडी राहिल्या. पुढच्या वेळी सगळ्या लोखंडी.

२४ मार्च, सातारा

वनविभागाला द्यायचा अहवाल मंगळवारपर्यंत. शिफारशी दोनच ठेवल्या: पठारावरचे जुने दगडी बांध आणि ताली ‘साफसफाई’च्या नावाखाली काढू नयेत, आणि पठाराच्या संरक्षणाचा आराखडा करताना खालच्या घाटातलं फुलणारं रान त्याच नकाशात धरावं. ओळख न पटलेल्या लहान माश्यांचे नमुने तज्ज्ञांकडे गेलेत, उत्तर यायला वेळ लागेल. येत्या हंगामात सकाळी सहापासूनच्या धुक्याच्या नोंदी यंत्राने घ्यायच्या, त्यासाठी दोन यंत्रं उसनी मिळतील का ते बघतोय. गुहागरच्या काकूंचा फोन होता: आमच्या चौकटींच्या बाजूलाच कलमांसाठी माती पडायला लागलीय, येणार असाल तर जूनच्या आधी या.